वाळलं तर पेढे

किस्से आमच्या ऑफिसात साचतात. लूमच्या कारखान्यात कापसाचा धुरळा कसा साचतो, पंख्यावर, दारावर, माणसांच्या भुवयांवर, तसे. सकाळी झटकले तरी दुपारपर्यंत परत तेवढेच! कुठे बारशाला गेले, साखरपुड्याला गेले, की कोणीतरी खुर्ची ओढून जवळ येतंच, "ताई, ते अभियानातलं सांगा ना." मी सांगते. पण आधी बजावते की मला भुताखेतांच्या गोष्टींचा भयंकर राग आहे. मध्येच कोणी "बाई गं, काटा आला अंगावर" म्हटलं, की मी उठून जेवायला जाते.

अभियान सरकारचं. नाव एवढं लांब की बॅनरवर दोन ओळी लागायच्या. देशाचं सामाजिक, नैतिक आणि पर्यावरणीय पुनरुत्थान वगैरे वगैरे. आम्ही नुसतं 'संकल्प' म्हणायचो. काम सोपं होतं. माणसाला पाच कलमांची शपथ द्यायची, त्याच्या नावाचं एक रोप लावायचं, रोपाला पाटी लावून फोटो ॲपवर टाकायचा. पुढे पाणी घालायचं त्या माणसाने. देश सुधारला!

भिवंडी तालुक्यासाठी आम्ही चौघं आणि वर साहेब. मी समन्वयक, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाणारी. निजामपुऱ्याचे नसीमभाई, उभं आयुष्य लूमवर गेलेलं, त्यामुळे कानाने कमी. काल्हेरचे म्हात्रेकाका, जमीन गोडाऊनवाल्यांना देऊन मोकळे झालेले आणि घरात बसवत नाही म्हणून नोकरी करणारे. आणि वनिता, आमची डेटा एंट्रीवाली, तीही काल्हेरचीच.

वनिताचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचा भाऊ संदेश गोडाऊनचा टेम्पो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी सकाळी ड्युटीला गेला तो आलाच नाही. टेम्पो खाडीच्या पुलाजवळ सापडला. चावी लावलेली, डबा सीटवर तसाच. पोलीस झाले, भगत झाले, पेपरात फोटो झाला. आई अजून रोज त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते आणि संध्याकाळी गाईला घालते.

"ताई, आहे की नाही, एवढंच कळू दे," वनिता म्हणायची. "मग रडायचं तर रडेन, हसायचं तर हसेन. हे असं मध्येच लटकून नाही हो राहवत."

* * *

पहिला कार्यक्रम निजामपुऱ्यात, एका कारखान्यात. साहेब स्टुलावर उभे, समोर पन्नासेक कारागीर, आणि लूम चालूच! खडखडखडखड. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. साहेब गळ्याच्या शिरा ताणून ओरडतायत, "मी शपथ घेतो की मी खोटं बोलणार नाही!" आणि समोर सगळे नुसते ओठ हलवतायत.

मी कारखान्याच्या शेटना खुणेने म्हटलं, पाच मिनिटं बंद करा की. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मॅडम, साहब जो बोले सब कबूल! आगे बढ़ो!"

तिसरं कलम चाललं होतं, कचरा उघड्यावर टाकणार नाही, आणि लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले. भिवंडीत लूम थांबले की कानात दडे बसल्यासारखं होतं. साहेब थांबले. कारागीर थांबले.

आणि मागून एक आवाज तसाच चालू राहिला. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश, एकेक शब्द नीट सोडत. "चौथं. माझ्या नावाच्या झाडाला मी रोज पाणी घालीन. पाचवं. दिलेला शब्द मी मोडणार नाही."

साहेबांनी चौथं कलम उच्चारलंच नव्हतं हो! पत्रकांचा गठ्ठा अजून गाडीत होता, एकही वाटलेलं नव्हतं. मागे सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, रचलेले होते आणि त्यांच्या मागे भिंत.

नसीमभाई म्हणाले, "चलो, एक ने तो दिल से ली!" सगळे हसले, मीही हसले. शेजारी बसून बोललेलं ज्यांना दोनदा सांगावं लागतं त्या नसीमभाईंना ते सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. हे माझ्या डोक्यात घरी भाजी चिरताना आलं.

* * *

काल्हेरच्या गोडाऊनांच्या मागे, खाडीकडच्या अंगाला, एक लांबट मोकळी पट्टी अभियानाला मिळाली. दोन रांगा आखल्या. पहिली मान्यवरांची, म्हणजे ज्यांचे बॅनर लागतात त्यांची. दुसरी गावकऱ्यांची. आजूबाजूच्या चार गावांतून गावकऱ्यांची नावं आणायचं काम म्हात्रेकाकांकडे.

काका दोन दिवसांत यादी घेऊन हजर! साहेब एवढे खूश की स्वतःचा चहा त्यांना दिला. रोपं लागली, पाट्या लागल्या, फोटो वर गेले.

आठवड्याने वनिता एकेका घरी फोन लावायला बसली, पाण्याची आठवण द्यायला.

"जनार्दन पाटील आहेत का?"

"मामंजी? ते जाऊन सहा वर्षं झाली."

दुसरा फोन. तेही गेलेले. तिसरा, गेलेले. सातव्या फोनला वनिताने रिसीव्हर ठेवला आणि काकांना हाक मारली. "काका, ही यादी तुम्ही आणली कुठून?"

"मतदारांची जुनी यादी घेतली. जिथं जिथं लाल टिक, तेवढीच नावं उतरवली. म्हटलं चेक झालेली हायेत!"

"काका! लाल टिक म्हणजे गेलेली माणसं! नाव वगळायची खूण ती!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आरं देवा! म्हंजे मी सगल्या मेलेल्यांना शपथ दिली?"

"तुम्ही चार गावं ओळखता, एकही नाव खटकलं नाही?" मी ओरडले.

"म्याडम, आमच्याकडं घरटी एक जनार्दन पाटील! मना काय म्हाईत कंचा हाय नि कंचा न्हाय!"

ॲपमध्ये एकदा टाकलेलं काढायचं बटणच नव्हतं. साहेब म्हणाले, राहू दे, चार दिवसांत वाळतील, कोण विचारतंय. आम्ही पोट धरधरून हसलो. फक्त वनिता हसत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, जनार्दन पाटलांच्या सुनेने फोन ठेवता ठेवता एक सांगितलं. "बाय, तू झाडाच्या पाण्याचं इचारलंस म्हणून बोलते. आमची ओटीवरची भरलेली कलशी आठ दिवस झाले, रोज सकाली रिकामी असते. आमी पोरांना उगाच मारला."

* * *

मार्च लागला आणि पट्टीवर येणारा पाण्याचा टँकर बंद झाला. त्या पट्टीवर नळ नाही, विहीर नाही, खाडीचं पाणी खारं. पहिली रांग आठ दिवसांत वाळली. मान्यवरांच्या पाट्या तेवढ्या उभ्या, खाली काटक्या. आणि दुसरी रांग? हिरवीगार! एक रोप सुकलेलं नाही. खाली माती ओली.

तेवढ्यात ठाण्याहून मोठे अधिकारी पाहणीला आले. पहिल्या रांगेवरून नाक मुरडत गेले आणि दुसरीपाशी थबकले. "ही कोणाची रोपं? वा! अहो, यांनी शपथ पाळली! या सगळ्यांचा जाहीर सत्कार झाला पाहिजे. पुढच्या सोमवारी मी स्वतः येतो!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वरून आलेला शब्द, करता काय? मांडव घातला, शाली आणल्या, नारळ आणले, सत्कारवाल्यांसाठी स्टेजसमोर खुर्च्या मांडल्या. ठरलं असं की नाव पुकारलं की म्हात्रेकाकांनी उठून सांगायचं, लग्नाला गेलेत.

तसंच चाललं. एक नाव, "लग्नाला गेलेत!" दुसरं नाव, "लग्नाला गेलेत!" लोकांना वाटलं गावात लग्नांची साथ आलीय. मग जनार्दन पाटील हे नाव आलं. काका उठायच्या आत अधिकारी शाल घेऊन स्टेजवरून दोन पावलं पुढे आले, वाकले, हसले, दोन्ही हात पुढे केले, काहीतरी चार शब्द बोलले आणि मागे फिरले. त्यांचे हात रिकामे होते. मी स्टेजच्या पायरीशीच उभी होते आणि माझ्या समोर कोणी नव्हतं.

गाडीत बसताना ते म्हणाले, "बाकीचे लग्नाला गेले, पण पाटीलबुवा आले हं! या वयात काय ताठ आहेत! हात मात्र किती गार हो त्यांचे."

साहेब हात जोडून म्हणाले, "हो सर, थंड पाण्याने आंघोळ करतात."

ती शाल आम्ही सगळीकडे शोधली. सापडली नाही.

* * *

आता मात्र साहेब चिडले. कोणीतरी आपली गंमत करतंय, पकडून आणा म्हणाले. म्हात्रेकाका आणि नसीमभाई पहाट उजाडताच पट्टीवर जाऊन बसले. थर्मास, बिस्किटं, काकांच्या हातात काठी.

आठ वाजता दोघं ऑफिसात आले. नसीमभाईंनी थेट हात-पाय धुतले. काका खुर्चीत बसले आणि पंखा चालू असताना वही घेऊन वारा घालू लागले.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

"मग पाणी?"

"म्याडम, पानी वरून पडलाच न्हाय. जमीनच काली होत गेली. आधी पयला रोप. मग दुसरा. मग तिसरा. अशी एकेक! मी पापनी हलवली न्हाय."

मी म्हटलं, दव असेल, खाडीची ओल असेल. काकांनी वही टेबलावर आपटली. "म्याडम, मधी मी तीन रोपं चुकीच्या जागी लावली व्हती. पाट्या मागंपुढं झालेल्या. ती जमीन उड्या मारत काली झाली. माज्या यादीतल्या नंबरापरमानं!"

नसीमभाई ओल्या हातांनी टॉवेल शोधत होते. "मॅडम, हम लोग ने जिंदगी में किसी काम की इतनी पक्की हाजिरी नहीं देखी," एवढंच म्हणाले. काका त्या दिवशी अर्धी रजा टाकून अकलोलीच्या गरम कुंडात जाऊन बसले आणि चामडी लाल करून घरी गेले.

* * *

त्यानंतर काकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मेलेल्यांची झाडं जगतात, जितेपणी शपथ घेतलेल्यांची वाळतात. मग आपलं?

कोणाला न सांगता त्यांनी दुसऱ्या रांगेच्या शेवटी स्वतःच्या नावाचा कडुनिंब लावला. आणि गेली त्यांची झोप! रोज सकाळी जाऊन मातीत बोट घालून बघायचे. बोट कोरडं आलं की चहा पिऊ शकायचे. पंधरा दिवसांनी एका सकाळी ऑफिसात नाचतच आले, हातात मिठाईचा बॉक्स.

"वाललं! म्याडम, पार वाललं! घ्या, पेढे घ्या!"

"मुबारक हो, काका! अब सौ साल जियोगे!" नसीमभाईंनी मिठी मारली.

मग काय, लागण झाली. नसीमभाईंनी लावलं. वाळलं. पेढे! बायकोच्या नावाने लावलं. वाळलं. परत पेढे! एक दिवस साहेब गंभीर चेहऱ्याने बॉक्स घेऊन आले, "मुलगी पास झाली" म्हणाले. साहेबांना दोन्ही मुलगेच आहेत. आम्ही मुकाट्याने पेढा तोंडात टाकला.

आता सांगायला लाज वाटते, पण मीही लावलं. मी, जी भुताखेतांवर चिडते ती! अकरा दिवस मी डबा न उघडता तसाच घरी नेत होते. बाराव्या दिवशी रोपाची काटकी झालेली बघितली आणि मी तिथेच, ट्रकवाले बघत असताना, ढसाढसा रडले. येताना अर्धा किलो पेढे घेतले. देशभर झाडं जगवायच्या अभियानात झाड मेलं म्हणून पेढे वाटणारं आमचं एकच ऑफिस असेल!

* * *

वनिता हे सगळं बघत होती. पेढा घ्यायची, पण खायची नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस डबा खाताना म्हणाली, "ताई, दादाच्या नावाचं लावू?"

मी ताडकन बोलले, "वेड लागलंय का तुला? झाडावरून कोणी माणसाचं ठरवतं का?"

"तुम्ही ठरवलंतच ना. पेढे वाटलेत."

मी भाजीचा डबा तिच्याकडे सरकवला. ती शांतपणे पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "वाळलं तर तो आहे. कुठेही असू दे, नाव बदलून राहू दे, आमच्यावर रागावून राहू दे. आहे ना? बास."

"आणि नाही वाळलं तर?"

"तर आईला सांगेन, ताट वाढू नको."

जांभळाचं रोप लावलं. पाटीवर तिने स्वतः लिहिलं, संदेश. लावताना घातलं तेवढंच पाणी, पुढे कोणी एक थेंब घालायचा नाही. नसीमभाईंनी गोडाऊनच्या वॉचमनला जाऊन दम भरला. आईला कळू द्यायचं नाही हेही ठरलं, कारण पोराच्या नावाचं झाड तहानलेलं बघून आईचा हात राहिला नसता.

चौथ्या दिवशी शेंड्याच्या पानाने मान टाकली. वनिता धावत आली, "ताई, मलूल झालंय!" सहाव्या दिवशी दोन पानं पिवळी. आठव्या दिवशी तीन गळली. काय सांगू तुम्हाला, असा आनंद मी आमच्या ऑफिसात कधी बघितला नव्हता! एकेक पान गळलं की नसीमभाई टेबलावर थाप मारायचे. वनिता पूर्ण डबा खायला लागली, गजरा माळून यायला लागली. एक दिवस निळा शर्ट घेऊन आली आणि नसीमभाईंच्या पाठीला लावून बघायला लागली, "दादा एवढाच होता ना हो अंगाने?" मी रोज सकाळी देवापुढे हात जोडून म्हणत होते, देवा, ते झाड मरू दे. आयुष्यात मी कोणत्या झाडासाठी असं मागितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी दोनच पानं उरली, तीही कागदासारखी. म्हात्रेकाकांनी पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली. आणि त्याच आनंदात संध्याकाळी वनिताची आई रस्त्यात भेटली तेव्हा बोलून बसले, "काकी, पोराच्या नावाचा झाड लावलाय गोडाऊनमागं. दोन दिसांत तोंड गोड करतो तुमचं!" एवढंच बोलले, पण बोलले. आम्हाला हे त्यांनी सकाळी वाटेत सांगितलं. मला त्यांना रिक्षातून खाली ढकलावंसं वाटलं.

सकाळचे सात वाजलेले. गोडाऊनची पहिली शिफ्ट आत जात होती. आम्ही चौघं पट्टीवर पोचलो, वनिता सगळ्यांच्या पुढे. जांभळापाशी तिची आई उभी होती. लुगड्याचा पदर डोक्यावर, दोन्ही हातांत पितळी लोटा धरलेला. त्याच्यावर तिने पदराचं टोक झाकलं होतं, देवाला नेतात तसं.

खाली माती काळीभोर झाली होती, रोपाभोवती गोल. गळून गेलेल्या पानांच्या जागी तांबूस पालवी फुटली होती, लुसलुशीत, बोटाच्या पेराएवढी.

वनिता जागच्या जागी थांबली. मग एकदम पुढे गेली आणि तिने आईचे दोन्ही खांदे धरले.

"आई, पाणी घातलंस तू? कोणी सांगितलं होतं तुला घालायला? तूच घातलंस ना?"

आईने लोट्यावरचं पदराचं टोक आणखी ओढून घेतलं.

"बोल ना! आई, तूच घातलंस ना गं? मी नाही ओरडणार. एकदा सांग ना, तूच घातलंस."

आईने झाडाकडे बघितलं. ओल्या मातीकडे बघितलं. मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"हां गं बाय," ती म्हणाली. "मीच घातलं. तुमी यायच्या आधी, आत्ताच घातलं."

लेकीच्या गालाला लावायला तिने एक हात लोट्यावरून काढला. पदर बाजूला सरकला आणि काठोकाठ भरलेल्या लोट्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं.